सांगड यंत्र आणि त्रिशलाची दाढ

शनिवारी सकाळी त्रिशलाचा उजवा गाल सुजलेला दिसला. ती आरशासमोर उभी राहून केस पुढे ओढत होती, गाल झाकला जावा म्हणून. मी विचारलं तर म्हणाली, "डास चावला."

डास चावून गाल एवढा सुजत नाही. मी हात लावला तर गाल गरम लागला. ती मागे सरकली, पण ओरडली नाही. त्रिशला आठ वर्षांची आहे आणि ती ओरडत नाही. तिची आई गेल्यापासून आमच्या घरात कुणीच मोठ्याने बोलत नाही.

दर्शना, माझी बायको, दीड वर्षापूर्वी पित्ताशयातले खडे काढायला दवाखान्यात गेली होती. ऑपरेशन साधं होतं. भूल दिली आणि ती त्यातून उठली नाही. लाखात एखाद्याचं असं होतं, असं आम्हाला सांगितलं. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. मी, शीतल मगदूम, सांगलीत शहरबस चालवतो. त्रिशलाला शाळेत सोडून ड्यूटीला जातो आणि ड्यूटी संपली की तिला शेजारणीकडून घेतो. तेवढंच आमचं आयुष्य.

विश्रामबागेत डॉक्टर आफ्रीन मुजावर यांचा लहान मुलांच्या दातांचा दवाखाना आहे. तिथे गेलो. डॉक्टर तरुण आहेत, भराभर बोलतात. त्यांनी त्रिशलाला खुर्चीवर बसवलं आणि आरसा दाखवला. "हा बघ, चमच्याएवढा आहे. तुझ्या दातांचा फोटो काढायचाय. आ कर."

त्रिशलाने तोंड उघडलं नाही. रडली नाही, हात झटकला नाही. ओठ घट्ट मिटून ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. डॉक्टरांनी गोष्ट सांगितली, बाहुलीचे दात मोजून दाखवले, त्रिशलाकडून स्वतःचे दात मोजून घेतले. ओठ तसेच. शेवटी बाहेरूनच गालावर यंत्र ठेवून फोटो काढला.

"खालची दुधाची दाढ आहे," डॉक्टर मला म्हणाल्या. "मुळाशी पू झालाय. हे आज-कालचं नाही. आधी दुखलं असणार. काही बोलली नाही का?"

"नाही."

"काढावी लागेल. औषध सुरू करते, पण पू बाहेर आल्याशिवाय ही सूज उतरणार नाही. तोंड उघडलं तर माझं काम थोडक्यात होतं. नाही उघडलं तर मिरजेला मोठ्या दवाखान्यात भूल देऊन काढावी लागेल."

"भूल नको," मी म्हणालो.

"आजकाल फार सुरक्षित असते, पप्पा," डॉक्टर म्हणाल्या.

"मला माहीत आहे किती सुरक्षित असते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि फाईलमधल्या आईच्या रकान्यातलं 'कै.' वाचलं. कपाटातून एक डबा काढला. "मग आपण सांगड लावून बघू."

सांगड हे यंत्र पुण्यातल्या काही संशोधकांनी बनवलंय. डॉक्टरांनी मला ते जसं समजावलं तसं सांगतो. जवळची दोन माणसं शेजारी बसली की थोड्या वेळाने त्यांचा श्वास आणि हृदयाचे ठोके एकमेकांच्या चालीने चालायला लागतात. हे शास्त्रज्ञांना बऱ्याच आधीपासून माहीत होतं. मुलाला भीती शब्दांतून कळत नाही, ती आईबापाच्या अंगातून कळते. हात किती घट्ट धरलाय, श्वास कुठे अडकलाय, यातून. तोंडाने आपण काहीही बोलत असलो तरी.

सांगडच्या दोन पट्ट्या असतात. एक मोठ्या माणसाच्या छातीला, एक मुलाच्या गळ्याखालच्या हाडावर. मोठ्या माणसाचे ठोके मोजून यंत्र तेच ठोके मुलाच्या हाडावर हलक्या टिचक्यांनी वाजवतं. तान्हं मूल आईच्या छातीवर झोपतं तेव्हा जे होतं तेच. मुलाचं शरीर हळूहळू त्या चालीवर येतं आणि भीती उतरते. ज्या मुलांना भूल देण्यावाचून इलाज नव्हता त्यातली बरीचशी आता खुर्चीवर जागेपणी बसतात. यंत्राच्या पडद्यावर दोन रेषा दिसतात, आणि कोण कुणाच्या मागे चाललंय हे दाखवणारा एक बाण.

"अटी दोन," डॉक्टर म्हणाल्या. "मोठं माणूस खरोखर शांत पाहिजे. आणि रोज मुलासोबत राहणारं पाहिजे. परक्या माणसाची चाल मूल घेत नाही."

आम्हाला पट्ट्या लावल्या. मी त्रिशलाचा हात धरून बसलो. दवाखान्यांना एक वास असतो, तो दातांच्या दवाखान्यालाही असतो. मी दुसरीकडे लक्ष द्यायचा प्रयत्न केला. बसचे थांबे आठवत बसलो, राजवाडा चौक, कॉलेज कॉर्नर, मार्केट यार्ड. पडद्यावर लाल दिवा लागला, म्हणजे माझी छाती शांत नव्हती.

डॉक्टरांनी थोडं थांबून पुन्हा बघितलं. पुन्हा लाल.

"घरी दुसरं कुणी?"

"नाही."

"मग उद्या रविवारी सकाळी या. मी दवाखाना उघडते. जेवून, झोपून, डोकं शांत करून या. उद्याही लाल आला तर मिरज. आणि मधेच सूज हनुवटीखाली उतरली किंवा तिला गिळता येईना, तर माझी वाट बघू नका. सरळ मिरज गाठा."

दुपारी मला ड्यूटी होती. त्रिशलाला औषध देऊन शेजारणीकडे ठेवलं. डेपोत गेलो तर माझ्यासोबतचा ड्रायव्हर विलास ऐवळे पट्ट्याच्या रांगेत माझ्या पुढेच होता.

आमच्याकडे ड्यूटीआधी छातीला पट्टा लावतात. ठोके ताणलेले असले तर बस मिळत नाही, धुलाईच्या शेडमध्ये जावं लागतं आणि त्या दिवशीचा भत्ता बुडतो. एका ड्रायव्हरला चालवताना झटका आल्यानंतर हा नियम आला. नियम चांगला आहे. पण ज्याचं घरी भांडण झालंय, ज्याची झोप झाली नाही, त्यालाही भत्ता लागतोच. म्हणून सगळ्यांना अर्ध्या गोळीचा उपाय माहीत आहे. हृदयाच्या रोग्यांना देतात ती गोळी. ठोके खाली बसवते. पट्टा फक्त ठोके बघतो. मला ती कधी लागली नव्हती. बसच्या सीटवर माझे ठोके सरळ असतात. बिघडतात ते दवाखान्याच्या पायरीवर.

"ऐवळे, एक गोळी दे."

"तुला?" त्याने वळून बघितलं. "अर्धीच घे शीतल्या. आख्खी घेतलीस तर स्टिअरिंगवर डोकं टेकशील."

"आत्ता नको. उद्यासाठी पाहिजे."

"उद्या तुझी सुट्टी. मुलगी बघायला निघालास काय?" बोलून गेला आणि लगेच म्हणाला, "चुकलं लेका."

"त्रिशलाची दाढ काढायची आहे."

"दाढ पोरीची आणि गोळी बापाने खायची? हा कुठला डॉक्टर?"

मी त्याला सांगडचं सांगितलं. तो ऐकून हसला. "म्हणजे आपला पट्टाच की. यंत्राला काय कळतंय? हिरवा लागला की झालं. आपला अख्खा डेपो त्याच्यावर चालतोय." त्याने पाकिटातून गोळी काढली. त्याच्या सासऱ्यांची होती. "पोर बरी होऊ दे. मग पेढे दे."

मला त्यात गैर काही वाटलं नाही. रोज बघत आलेलो. पट्टा हिरवा, माणूस शांत, असाच आमचा हिशेब.

रविवारी सकाळी सूज थोडी वाढलेली होती, पण हनुवटीच्या वरच होती. त्रिशलाने दूध सावकाश गिळलं. मी गोळी घेतली, अर्धी नाही, आख्खी. स्कूटरवरून विश्रामबागेत पोचेपर्यंत ठोके खाली बसले होते. मनात मात्र सगळं होतं तसंच होतं. दवाखान्याची पायरी चढताना दर्शनाला आत नेलेला दरवाजा दिसत होता. फक्त छाती धडधडत नव्हती. आपलीच छाती दुसऱ्या कुणाची असावी तसं वाटत होतं.

पट्ट्या लावल्या. हिरवा.

"वा," डॉक्टर म्हणाल्या. "छान झोप झालेली दिसते."

"हो," मी म्हणालो.

त्रिशलाने माझ्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघत होती. मी म्हणालो, "काही होणार नाही बाळा."

थोड्या वेळात तिची रेषा माझ्या रेषेजवळ आली. डॉक्टरांनी "आ" म्हटलं आणि तिने तोंड उघडलं. मला एवढं बरं वाटलं की मी डोळे मिटून घेतले.

"आधी सांगणार, मग दाखवणार, मग करणार," डॉक्टर तिला म्हणाल्या. "न सांगता मी काही करत नाही. आणि दुखलं तर डावा हात वर. हात वर गेला की मी थांबणार. कळलं?"

तिने मान हलवली. त्यांनी हिरडीला मलम लावलं, दाढ बधिर करायची सुई दिली, थांबल्या. ती हलली नाही. दोन्ही रेषा तळ्यातल्या पाण्यासारख्या. डॉक्टरांनी एक बारीक हत्यार दाखवलं, दाढेच्या कडेला टेकवलं आणि दाबलं.

मी पडद्याकडे बघत होतो. पडदा हिरवा होता.

डॉक्टर पडद्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी हत्यार बाहेर काढलं, ट्रेमध्ये ठेवलं आणि दिवा बाजूला केला. "त्रिशला, दुखलं का?"

तिने मान हलवली. नाही.

"मग पायाची बोटं अशी का वळलीत?"

तेव्हा मी बघितलं. तिने पायाची बोटं इतकी आत ओढली होती की चपला खाली गळून पडल्या होत्या. उजव्या हाताने तिने डावं मनगट धरून ठेवलं होतं. हात वर जाऊ नये म्हणून. डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं, आणि तोंडातून आवाज नाही.

"पू असला की कधीकधी सुई नीट चढत नाही," डॉक्टर माझ्याशी बोलत होत्या, पण डोळे तिच्यावर होते. "आत्ता हिला चांगलंच दुखलं असणार. मोठं माणूस खुर्चीवरून उठलं असतं. आणि ही नाही म्हणते."

त्यांनी पडदा स्वतःकडे वळवला. मघाच्या रेषा काढून बघितल्या. मग कालच्या काढल्या. कपाळाला आठी पडली.

"मगदूम, मी सुई उचलली की कुठल्याही बापाची रेषा उडते. शांतातल्या शांत बापाची. तुमची हललीच नाही. काय घेतलंय तुम्ही?"

मी छातीवरच्या पट्टीला हात लावला.

"काय घेतलंय?"

मी सांगितलं. डेपोचंही सांगितलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुम्हाला कळतंय का काय केलंत? मी हिच्या अंगाला सांगत होते की सगळं ठीक आहे. खोटं सांगत होते, तुमच्या छातीतून. आणि ही तुमचा चेहराही बघत होती. चेहरा एक सांगतोय, टिचक्या दुसरं सांगतायत. कुणावर विश्वास ठेवायचा हिने?"

"पप्पाला ओरडू नका," त्रिशला म्हणाली.

आज सकाळपासूनचं तिचं पहिलं वाक्य. डॉक्टर थांबल्या. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्या डोळ्यांसमोर येईल एवढं खाली करून बसल्या.

"नाही ओरडत. एक सांगशील? दाढ कधीपासून दुखतेय?"

"गॅदरिंगच्या आधीपासून."

गॅदरिंग डिसेंबरात झालं होतं. आता फेब्रुवारी संपत आला होता.

"पप्पांना का नाही सांगितलंस?"

तिने माझ्याकडे बघितलं आणि मग डॉक्टरांनाच उत्तर दिलं. मी तिथे नसल्यासारखं. "पप्पाला दवाखाना आवडत नाही. दवाखाना म्हटलं की तो जेवत नाही. माझा कान दाखवायला गेलो तेव्हा तो बाहेर पायरीवर बसला होता आणि त्याला उठता येत नव्हतं. एका काकांनी उचललं."

"म्हणून तू त्याला सांभाळतेस?"

डॉक्टरांनी पडदा माझ्याकडे फिरवला आणि कालच्या रेषांवर बोट ठेवलं. "काल मी लाल दिवा बघितला आणि तिथेच थांबले. बाण बघितला नाही. हा बघा. तुमची रेषा उड्या मारत होती, हिची सरळ होती, आणि बाण हिच्याकडून तुमच्याकडे आहे. तुम्ही हिच्या चालीवर येत होता. ती तुमचा हात धरून बसली होती."

मला खोलीत कुठे बघावं कळेना. डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "जे मूल गप्प बसलं, ते आम्ही यशस्वी म्हणून मोजत गेलो. त्यातली किती अशी होती कोण जाणे. हा आलेख पुण्याला गेलाच पाहिजे." मग त्यांनी आमच्या दोघांच्या पट्ट्या काढल्या आणि डब्यात टाकल्या.

"आता?" मी विचारलं. "मिरज?"

"ते हिच्यावर आहे. आणि तुमच्यावर. मला रडणारं मूल चालतं. लाथा मारणारंही चालतं. दुखतंय हे न सांगणारं मूल मला चालत नाही, कारण मग मला काहीच दिसत नाही. मी दुसऱ्या जागी सुई देऊन थांबू शकते. पण ती तुमच्यासमोर ओरडू शकणार असेल तरच."

मी खुर्चीजवळ गेलो. काय बोलायचं ठरवलं नव्हतं. सवयीने "काही होणार नाही" तोंडात आलं आणि त्रिशला आधीच म्हणाली, "आईला पण तू हेच म्हणाला होतास."

म्हणालो होतो. स्ट्रेचर आत जाताना, दोघींना.

"हो," मी म्हणालो. "मला तेव्हा माहीत नव्हतं काय होणार. आताही माहीत नाही. मला भीती वाटते, त्रिशू. कालपासून वाटते. म्हणून गोळी खाल्ली. तुला खोटं दाखवलं."

"खूप वाटते?"

"खूप."

"मी रडले तर तू पडशील?"

"माहीत नाही. पडलो तर डॉक्टर उचलतील."

"मी नाही उचलणार," डॉक्टर सुई भरताना म्हणाल्या. "माझी कंबर दुखते. पडलात तर तिथेच पडून राहायचं."

त्रिशला हसली नाही, पण तिने डावं मनगट सोडलं.

"पडलो तर पडलो," मी म्हणालो. "पण बाहेर जाणार नाही. तू मला सांभाळू नकोस. आज नाही आणि घरी पण नाही. ते माझं काम आहे. मला येत नाही नीट, पण माझंच आहे."

तिने छताकडे बघितलं. मग विचारलं, "मिरजेला भूल देतात?"

"हो."

"मग इथेच."

डॉक्टरांनी सांगितलं, दाखवलं, सुई दिली आणि थांबल्या. हत्यार उचलायच्या आधीच त्रिशलाचा डावा हात वर गेला. डॉक्टरांनी लगेच हात मागे घेतले. हात खाली आला. डॉक्टर पुढे झाल्या तर पुन्हा वर. पुन्हा मागे. असं कितीतरी वेळा झालं. ती खरंच थांबतात का ते बघत होती. डॉक्टर एकदाही "आता पुरे" म्हणाल्या नाहीत. मी म्हणणार होतो, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी शब्द गिळला.

शेवटी हात खालीच राहिला. दाब आला तेव्हा ती ओरडली.

तो आवाज मी दीड वर्षात ऐकला नव्हता. खालच्या मेडिकलवाल्याने जिन्यात येऊन वर बघितलं असं नंतर कळलं. मी खुर्चीची कड धरून खाली बसलो, फरशीवर. तिने मान वळवून बघितलं. मी बसल्या बसल्या तिचा पाय धरला आणि म्हणालो, "मी आहे. ओरड." ती "आई" म्हणून ओरडली. मग आईला हाका मारत, हात वर करत, खाली करत, पुन्हा वर करत ती रडत राहिली आणि डॉक्टर तिच्या हाताच्या चालीने काम करत राहिल्या. दाढ निघाली. मागून पू आला आणि त्याचा वास खोलीत पसरला. डॉक्टर म्हणाल्या, "झालं. आता उतरेल सूज." त्यांच्या स्वतःच्या कपाळावरून घाम गळत होता.

मला त्यांनी स्कूटर चालवू दिली नाही. "गोळी उतरेपर्यंत इथेच राहू दे. रिक्षाने जा. आणि डेपोतल्या तुमच्या लोकांना सांगा, कधीतरी पट्टा खरं सांगत असतो."

रिक्षाची वाट बघताना ऐवळेचा फोन आला. "काय रे, लागला का हिरवा?"

"लागला होता. पण मी नापास झालो."

"मग मिरजेला?"

"नाही. दाढ निघाली."

"हे कसं काय?"

"उद्या सांगतो. आणि उद्या गोळी उतरल्यावर छाती धडधडली तरी मी पट्ट्याला तसाच उभा राहणार आहे. बहुतेक धुलाईत असेन."

"तिकडे पाणी गार असतंय," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

रिक्षात त्रिशलाच्या तोंडात कापसाचा बोळा होता, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. रडता मात्र येत होतं. सुईचा बधिरपणा उतरायला लागला होता. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "काय झालं हो पोरीला? गप्प करा की तिला, सगळी बघायला लागलीत."

"दाढ काढली," मी म्हणालो. "दुखतंय तिला."

मार्केट यार्डच्या सिग्नलला आम्ही थांबलो. शेजारच्या बसमधली माणसं खिडकीतून बघत होती. त्रिशला माझ्या शर्टाला तोंड लावून मोठमोठ्याने रडत होती. शर्ट ओला झाला, त्याला थोडं रक्त लागलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसलो होतो आणि घर येईपर्यंत तिला एकदाही गप्प बस म्हणालो नाही.